दोन केसपेपर : मावा आणि मिश्री एकाच वेळी सोडताना

आमच्या घरात तंबाखू दोन रूपांत होती. माझे यजमान मावा खात असत आणि मी मिश्री लावत असे. मावा हे व्यसन आहे याबद्दल घरात कोणाचेच दुमत नव्हते. मिश्री मात्र दात घासण्याच्या सदरात मोडत असे, त्यामुळे तिचा हिशेब कोणी ठेवला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही डॉक्टरांकडे गेलो ते यजमानांच्या तोंडाच्या तक्रारीसाठी, पण उपचार दोघांच्याही नावाने सुरू झाले. त्यानंतर जे घडले ते तारखा, रांगा आणि खर्चासह इथे लिहीत आहे, कारण एकाच घरातील दोन माणसे एकाच दिवशी तंबाखू सोडतात तेव्हा काय होते, हे आधी कोणाकडून कळले असते तर आमचा पहिला महिना बराच सुसह्य झाला असता.

यजमान सोलापूरच्या पूर्व भागातील गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कटिंग मास्तर आहेत. चादरी आणि टॉवेलांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सोलापुरात आता गणवेशाचा धंदाही मोठा आहे, आणि त्यात कापडाचे थर रचून यंत्राने कापण्याचे काम दिवसभर उभे राहून, नजर न हलवता करावे लागते. तोंडात मावा असला की लक्ष लागते, असे त्यांचे म्हणणे असे. दिवसाला सहा-सात पुड्या लागत आणि एक पुडी पंधरा रुपयांना मिळे. मी एका पतसंस्थेत लिपिक आहे. माझी मिश्री माहेरची. मंगळवेढा तालुक्यातील आमच्या गावी शाळेत असताना दाढ दुखली आणि आजीने तव्यावर भाजलेली तंबाखू कुटून बोटावर दिली, तेव्हापासूनची. पहाटे उठल्याबरोबर, दुपारी जेवणानंतर आणि रात्री भांडी आवरल्यावर, अशा तिच्या ठरलेल्या वेळा होत्या.

त्या वर्षीच्या दिवाळीत यजमानांनी शेंगाचटणी पानात वाढू दिली नाही. सोलापूरच्या घरात ही गोष्ट नजरेत भरल्याशिवाय राहत नाही. तिखटाने तोंडाची आग होते म्हणून ते चटणीवर दही घेऊ लागले होते, कडक भाकरी दुधात भिजवून खात होते, आणि लाडू तर चक्क सुरीने कापून घेत होते. तोंड आले असेल या समजुतीने औषधाच्या दुकानातून गोळ्या आणणे चालू होते. अखेर ११ नोव्हेंबरला आम्ही घराजवळच्या दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी यजमानांना स्वतःची तीन बोटे उभी करून तोंडात घालायला सांगितली, दोनच गेली. मग पट्टीने वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधील अंतर मोजले, ते २४ मिलिमीटर भरले. ज्यांचे तोंड नीट उघडते त्यांच्यात हे अंतर साधारणपणे ३५ मिलिमीटरच्या पुढे असते. गालाचे आतले अस्तर पांढुरके आणि ताठ झाले होते आणि डाव्या बाजूला एक वेगळा पांढरा चट्टा होता.

या विकाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्याचे मुख्य कारण सुपारी आहे, हे त्या दिवशी आम्हाला प्रथमच कळले. मावा म्हणजे तंबाखू, चुना आणि सुपारी. त्यातील तंबाखूलाच आजवर सगळे दोष देत आले होते. सुपारीमुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साचत जातात, अस्तराची लवचीकता जाते आणि तोंड उघडेनासे होते. झालेले नुकसान पूर्णपणे भरून येत नाही आणि पुढे कर्करोगाचा धोका राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, तिच्यात तंबाखू नसली तरीही, कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. म्हणून ‘मावा सोडून साधी सुपारी चघळतो’ हा मार्ग आमच्यासाठी तिथेच बंद झाला. डॉक्टरांनी तपासणीचे दोनशे रुपये घेतले, चट्ट्याचा तुकडा काढून तपासावा लागेल असे सांगितले आणि सरकारी रुग्णालयाच्या दंत विभागासाठी चिठ्ठी दिली.

रुग्णालयात आम्ही गुरुवारी, १४ नोव्हेंबरला गेलो. नोंदणीच्या खिडकीशी दोन रांगा होत्या. ज्यांच्याकडे आभा क्रमांक, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक, आहे त्यांनी मोबाइलवरून भिंतीवरील क्यूआर कोड स्कॅन केला की टोकन मिळत होते आणि त्यांची रांग भराभर पुढे सरकत होती. दुसऱ्या रांगेत नाव, वय, पत्ता सांगून केसपेपर काढावा लागत होता. यजमानांचा चौदा आकडी आभा क्रमांक मुलीने आदल्या रात्री मोबाइलवर काढून दिला होता, त्यामुळे त्यांचे काम वीस रुपयांत आणि अर्ध्या तासात झाले. दंत विभागात मात्र दीड तास बसावे लागले. सोबत पाण्याची बाटली, जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि आधारची छायाप्रत ठेवावी. यांतील प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या खिडकीवर लागते.

दंत विभागातील डॉक्टरांनी रक्तदाब, रक्तातील साखर आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या लिहून दिल्या, हृदयाचा आलेख काढायला सांगितले आणि बायोप्सीसाठी २२ नोव्हेंबर ही तारीख दिली. मधल्या आठवड्यात, २० तारखेला, विधानसभेचे मतदान होते आणि बरेच कर्मचारी निवडणुकीच्या कामावर जाणार होते, त्यामुळे आधीची तारीख मिळणे शक्य नव्हते. तोपर्यंत तंबाखू मुक्ती केंद्रात जाऊन या, असे सांगून आम्हाला दुसऱ्या मजल्यावर पाठवण्यात आले.

केंद्र म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि समुपदेशक बाई. त्यांनी यजमानांची सगळी माहिती लिहून घेतली आणि मग माझ्याकडे वळून सहज विचारले, “आणि ताई, तुम्ही मिश्री लावता का?” आजवर एकाही डॉक्टरांनी, अगदी दोन्ही बाळंतपणांतसुद्धा, मला हा प्रश्न विचारला नव्हता. मी हो म्हटले. त्यावर त्या म्हणाल्या, “मग तुमचाही केसपेपर काढून आणा. घरात एक जण सोडणार आणि दुसरा चालू ठेवणार, यात सोडणाऱ्याचेच हाल होतात.” तेव्हा साडेबारा वाजून गेले होते आणि नोंदणीची खिडकी बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी गुरुनानक जयंतीची सुट्टी, पुढे शनिवार-रविवार. माझ्या आधारला जुना, बंद पडलेला मोबाइल क्रमांक जोडलेला होता, त्यामुळे आभा क्रमांकासाठी ओटीपी येईना; तो बदलण्यासाठी आधार केंद्रावर पन्नास रुपये भरले, पण नवा क्रमांक चालू व्हायला काही दिवस गेले. ज्यांना घाई आहे त्यांनी त्यात अडकू नये. सोमवारी, १८ तारखेला, मी सरळ दुसऱ्या रांगेत उभी राहून कागदी केसपेपर काढला आणि त्याने काहीही अडले नाही.

त्या दिवशी समुपदेशक बाईंनी आम्हा दोघांना वेगवेगळे बसवून प्रश्नावली भरून घेतली. झोपेतून उठल्यावर पहिल्यांदा किती मिनिटांत घेता, आजारी असतानाही घेता का, मना केलेल्या ठिकाणी न घेता राहता येते का, दिवसातली कोणती वेळ सोडणे सर्वांत कठीण वाटते, अशा प्रश्नांना गुण असतात आणि त्यावरून शरीर निकोटिनवर किती अवलंबून आहे याचा अंदाज येतो. दिवसाला सहा-सात पुड्या खाणारे यजमान आणि तीनदा बोटभर मिश्री लावणारी मी, यांच्यात मोठा फरक निघेल असे आम्हा दोघांनाही वाटत होते. यजमानांना पहिली पुडी कारखान्यात पोहोचल्यावर लागे. मला मिश्री उठल्यापासून पाच मिनिटांच्या आत लागत असे, तिच्याशिवाय पोट साफ होत नसे, आणि तापातही मी ती सोडलेली नव्हती. आमच्या गुणांत एकाचाच फरक निघाला. बाईंनी सांगितले की दिवसभरातील प्रमाणापेक्षा उठल्यानंतरची पहिली वेळ अधिक बोलकी असते. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास देशात १९९२ पासून बंदी आहे, हेही त्यांच्याकडूनच कळले. घरी तव्यावर भाजलेल्या मिश्रीपर्यंत अर्थातच असा कुठला कायदा पोहोचत नाही.

सोडण्याचा दिवस दोन-तीन आठवड्यांच्या आतला आणि नक्की तारखेचा हवा, असा केंद्राचा आग्रह असतो. यजमानांना सोमवार हवा होता. परंतु तंबाखू सोडणाऱ्यांसाठी सरकारने चालवलेली १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा सोमवारी बंद असते. मंगळवार ते रविवार सकाळी आठ ते रात्री आठ ती चालू असते. पहिल्याच दिवशी फोन लागला नाही तर काय, म्हणून आम्ही मंगळवार, १० डिसेंबर ठरवला. हा क्रमांक तंबाखूच्या छापील पुड्यांवर चित्रमय इशाऱ्याखाली दिलेला असतो. मी वर्षानुवर्षे अशीच पुडी फोडून तंबाखू तव्यावर टाकत आले, पण तो क्रमांक कधी वाचला नव्हता. मावा मात्र टपरीवर हाताने मळून साध्या प्लॅस्टिकमध्ये बांधून मिळतो. त्यावर ना चित्र, ना इशारा, ना क्रमांक, त्यामुळे ज्यांना या सेवेची सर्वाधिक गरज आहे त्यांच्यापर्यंत ती पोहोचण्याची सोयच नाही, असे मला वाटते.

२२ नोव्हेंबरची बायोप्सी वीस मिनिटांत झाली. गाल बधिर करून छोटासा तुकडा काढला आणि दोन टाके घातले. ते आठवड्याने काढले. अहवाल ३ डिसेंबरला मिळेल असे सांगण्यात आले. हे दहा-अकरा दिवस फार वाईट गेले. नातेवाइकांपैकी एक जण रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला टाटा रुग्णालयात जा म्हणत होता, तर दुसरा बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाचे नाव घेत होता. बार्शी आमच्याच जिल्ह्यात, सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे, आणि ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही ठेवण्याचे काम देशात प्रथम तिथेच १९८७ मध्ये सुरू झाले. दंत विभागातील डॉक्टरांनी मात्र अहवाल हातात येईपर्यंत कुठेही धावपळ करू नका, असे स्पष्ट सांगितले आणि आम्ही ते ऐकले. विचित्र गोष्ट अशी की या दिवसांत यजमानांचा मावा कमी होण्याऐवजी वाढला. भीतीने माणूस सोडतो, ही समजूत आमच्या घरात तरी खरी ठरली नाही. चट्ट्यातील पेशींमध्ये कर्करोगाकडे झुकणारे बदल नाहीत, असा अहवाल आला.

औषधांच्या बाबतीत दोघांना वेगवेगळा सल्ला मिळाला. निकोटिनचे च्युइंगम यजमानांना सुचवले गेले नाही, कारण ताठ झालेल्या गालांनी दिवसभर चावत राहणे त्यांना जमले नसते. त्यांना त्वचेवर लावायची निकोटिनची पट्टी दिली : पहिले सहा आठवडे २१ मिलिग्रॅम, मग दोन आठवडे १४ आणि शेवटचे दोन आठवडे ७. ती रोज सकाळी दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या जागी लावायची आणि जागा रोज बदलायची. केंद्रात पट्ट्यांचा साठा नव्हता, त्यामुळे बाहेरून घ्याव्या लागल्या. आठवड्याला सहाशे ते सातशे रुपये पडत. माव्याला आठवड्याला जवळजवळ तेवढेच जात होते, म्हणून हा खर्च वाढीव वाटला नाही. मला च्युइंगम दिले गेले. ते गोळीसारखे सलग चावायचे नसते. चव तिखट लागू लागली की गाल आणि हिरडी यांच्या मध्ये ठेवून द्यायचे, झिणझिण्या थांबल्या की पुन्हा थोडे चावायचे. चहा, कॉफी किंवा सरबतानंतर लगेच घेतले तर निकोटिन नीट शोषले जात नाही, त्यामुळे आधीची पंधरा मिनिटे पाण्याखेरीज काही घ्यायचे नाही. एका गोळीला दहा-बारा रुपये पडत. हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी यांतले काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नये, हे आम्हाला दोनदा बजावण्यात आले.

तयारीतला सर्वांत नाजूक भाग सासूबाईंचा होता. त्याही मिश्री लावतात आणि पंच्याहत्तरीत ती सोडण्याची त्यांची इच्छा नव्हती. आम्ही आग्रह केला नाही. मिश्री घरात भाजायची नाही आणि त्यांची डबी त्यांच्याच कपाटात राहील, एवढे मात्र त्यांनी आपणहून मान्य केले. भाजलेल्या तंबाखूचा वास स्वयंपाकघरातून गेला, याचा मला पुढे किती उपयोग झाला हे सांगता येणार नाही.

१० डिसेंबरच्या पहाटे नळाला पाणी आले. आमच्याकडे ते काही दिवसांनी एकदा येते, त्यामुळे पिंपे भरण्याच्या गडबडीत पहिला तास निघून गेला. खरा त्रास साडेआठनंतर सुरू झाला. डोके जड, हात रिकामे आणि पतसंस्थेत जमाखर्चाचे आकडे दोन-दोनदा तपासावे लागत होते. तलफ साधारण काही मिनिटेच टिकते, तेवढा वेळ ढकलायचा, पाणी प्यायचे, जागा बदलायची, असे शिकवलेले होते. ते खरे आहे, परंतु पहिल्या दिवशी त्या मिनिटांमधील मोकळा वेळ फारच थोडा असतो. यजमानांनी मालकांशी आधी बोलून पहिल्या आठवड्यात कटिंगच्या यंत्रावर न बसता कापडाचे थर रचण्याचे आणि आखणीचे काम मागून घेतले होते. ज्यांचे काम यंत्राचे किंवा वाहन चालवण्याचे आहे त्यांनी ही तजवीज जरूर करावी, कारण लक्ष खरोखरच ढळते.

तिसऱ्या दिवशी आमचे भांडण झाले. निमित्त आमटीतल्या मिठाचे होते, पण मूळ वेगळे होते. ते कारखान्यातून आले की मी त्यांच्या तोंडाकडे पाहत असे आणि ‘आज खाल्ला का हो?’ असे विचारत असे. मी न्हाणीघरात जरा जास्त वेळ घेतला की ते बाहेरून हाक मारत. दोघेही चिडचिडे आणि दोघेही एकमेकांचे फौजदार झाले होते. शुक्रवारी मी समुपदेशक बाईंना फोन केला. त्यांनी सांगितले की जोडप्यांत हे हमखास होते, म्हणून एकमेकांना हा प्रश्न विचारायचाच नाही. यजमानांनी आपली अडचण दूरध्वनी सेवेला सांगावी, मी केंद्राला सांगावी, आणि घरात फक्त एवढेच म्हणायचे की ‘आत्ता मला तलफ आली आहे’. समोरच्याने त्यावर सल्ला न देता सोबत उठून गच्चीवर किंवा अंगणात जायचे. साधे वाटणारे हे दोन नियम मला गोळ्या-पट्ट्यांहून मोलाचे वाटतात. दूरध्वनी सेवेवर मराठीतून बोलता येते आणि पहिल्या फोननंतर ठरावीक दिवसांनी तिथूनच पुन्हा फोन येतात. यजमान अनोळखी माणसाशी माझ्याहून मोकळेपणाने बोलतात, हे मला तेव्हा समजले.

शरीराच्या तक्रारींविषयी लाज बाळगून उपयोग नाही, म्हणून लिहिते. पहिले दोन आठवडे माझे पोट साफ होत नव्हते. निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवते आणि ते थांबले की बद्धकोष्ठता होते. मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही असे बायका म्हणतात त्यामागे हेच आहे, आणि ते काही आठवड्यांत आपोआप सुरळीत होते. तोवर रात्री इसबगोल, पहाटे कोमट पाणी आणि चालणे एवढ्यावर भागले. यजमानांना पट्टीमुळे विचित्र स्वप्ने पडू लागली, तेव्हा डॉक्टरांना विचारून ते ती झोपताना काढून ठेवू लागले. दोघांचीही भूक वाढली आणि वजनही दोन-तीन किलोंनी वाढले. माव्याच्या तलफेवर लवंग-दालचिनी चघळा असे सर्रास सुचवले जाते, पण आग होणाऱ्या तोंडाला ते चालत नाही. बाजारातल्या मुखवासात अनेकदा सुपारी असते. आम्ही बडीशेप आणि ओवा घरीच भाजून डबीत भरला. त्यांना ज्वारीच्या लाह्या अधिक आवडल्या.

संध्याकाळी आम्ही विजापूर रस्त्यावरील संभाजी तलावाकडे, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या कंबर तलावाकडे, चालायला जाऊ लागलो. त्या अर्ध्या-पाऊण तासात बोलणे फार होत नसे. दोघांचीही संध्याकाळची तलफ त्याच वेळी येई आणि त्या वाटेवर थांबण्यासारखी ओळखीची टपरी नव्हती, हा मुख्य फायदा होता. जुना रस्ता बदलणे हा उपाय ऐकायला किरकोळ वाटतो, परंतु यजमानांच्या कारखान्याच्या वाटेवर ओळखीच्या तीन टपऱ्या होत्या आणि ते महिनाभर मागच्या बोळाने गेले.

जानेवारीत दोन कसोट्या आल्या. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्यात, म्हणजे यात्रेत, मित्रांसोबत रात्री फिरणे हा यजमानांचा बालपणापासूनचा नेम. होम मैदानावर मित्रांच्या पुड्या फिरणार हे ठाऊक असल्याने या वर्षी ते अक्षता सोहळ्याला मुलांना घेऊन गेले आणि मित्रांना दुसऱ्या दिवशी दुपारी घरी जेवायला बोलावले. माझी कसोटी माहेरी होती. हुरड्याला गेलो तेव्हा खाणे आटोपल्यावर आई, वहिनी आणि दोन्ही चुलत्या ओसरीवर डब्या उघडून बसल्या. मी च्युइंगम तोंडात टाकले. आई म्हणाली, “एवढ्यानं काय हुतंय गं? लाव की जरा.” ती प्रेमानेच म्हणत होती आणि म्हणूनच नाही म्हणणे अवघड गेले. डॉक्टरांनी बंद केली आहे, एवढेच मी सांगितले. लांबलचक कारणे दिली की त्यांवर चर्चा सुरू होते, हे मी तोवर शिकले होते.

याच काळात यजमानांच्या गालात दर आठवड्याला एक इंजेक्शन दीड महिना दिले गेले. ती बरीच दुखतात आणि त्या दिवशी जेवण पातळच लागते. सोबत लायकोपिन या टोमॅटोतील रंगद्रव्याच्या कॅप्सूल आणि तोंड उघडण्याचा व्यायाम होता. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून त्यांची गड्डी पुढच्या दातांत धरायची, मिनिटभर थांबायचे आणि सहज जमू लागले की एक काडी वाढवायची. एक काडी सुमारे दोन मिलिमीटर जाडीची असते, त्यामुळे प्रगती घरच्या घरी दिसते. हा व्यायाम दिवसातून तीन-चार वेळा करायचा असतो आणि कंटाळवाणा असतो. ते तो करताना बोलू शकत नसल्याने, मुलगी त्या वेळात त्यांना पेपर वाचून दाखवत असे.

पट्ट्या फेब्रुवारीच्या मध्यात संपल्या आणि माझे च्युइंगम मार्चच्या पहिल्या आठवड्यात. एप्रिलमध्ये गणवेशाचा हंगाम ऐन भरात येतो आणि कारखाना रात्री उशिरापर्यंत चालतो. अशाच एका रात्री चहाच्या सुट्टीत यजमानांनी कोणाच्या तरी पुडीतला अर्धा मावा घेतला, आणि दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला स्वतःहून सांगितले. ठरलेल्या नियमामुळे मी काही बोलले नाही, मात्र मला ते फार जड गेले. केंद्रातून सांगण्यात आले की याला पुन्हा सुरुवात झाली असे समजून नव्याने दिवस मोजत बसू नका; कोणत्या वेळी, कोणासोबत, कशामुळे घेतले ते लिहा आणि तेवढीच वेळ बदला. रात्री अकराचा चहा त्यांनी थर्मासमधून नेऊन मशीनघरातच घ्यायला सुरुवात केली. त्यानंतर हंगाम पार पडला.

जुलैच्या तपासणीत त्यांचे तोंड ३१ मिलिमीटर उघडले. डाव्या गालावरचा चट्टा फिका आणि लहान झाला आहे, पण गेलेला नाही. माझ्या खालच्या ओठाच्या आतील पांढरा भाग जवळजवळ नाहीसा झाला. पुढच्या दातांवरून खाली सरकलेली हिरडी मात्र पुन्हा वर येणार नाही, असे दंतवैद्यांनी सांगितले. दात साफ करून घेण्याचे आठशे रुपये लागले. एकूण खर्च औषधे, पट्ट्या, च्युइंगम, कॅप्सूल आणि रिक्षा मिळून सोळा हजारांच्या घरात गेला. त्यातील सरकारी रुग्णालयातला वाटा अगदीच थोडा आहे. मुख्य खर्च पट्ट्यांचा आणि च्युइंगमचा, आणि केंद्रात ती केव्हा उपलब्ध असतात हे आधी फोन करून विचारल्यास तोही वाचू शकतो.

राष्ट्रीय पातळीवरील २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात आणि धूम्रपान करणारे मात्र ३.८ टक्केच आहेत, असे आढळले होते. म्हणजे आपल्याकडची तंबाखू बहुतांशी न दिसणारी, धूर नसलेली आहे. त्यामुळे पतीला घेऊन जाणाऱ्या प्रत्येक बाईने आपण मिश्री लावत असल्यास ते डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे आणि खिडकी बंद होण्याआधी, शक्यतो साडेनऊच्या सुमारास पोहोचून, दोन्ही केसपेपर एकाच दिवशी काढून घ्यावेत. जुना केसपेपर हरवू देऊ नये. त्यावरच्या क्रमांकावरूनच मागील मोजमापे सापडतात.

यजमान आता शेंगाचटणी दह्याशिवाय खातात, मात्र थोडीच. हिरव्या मिरचीचा ठेचा अजून चालत नाही. या विकारावर कायम नजर ठेवावी लागते आणि दर सहा महिन्यांनी दाखवावे लागते. पुढची तपासणी जानेवारीत आहे. त्या दिवशी सकाळी काड्यांचा व्यायाम करून यायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे, कारण व्यायामानंतर काही वेळ तोंड जरा जास्त उघडते आणि नोंद चुकीची होते.